तीन इलेक्ट्रा: ग्रीक नाटकं कुठून वाचायला घ्यावीत?

कोरसमधला तिसरा

मराठी वाचकाची ग्रीक नाटकाशी पहिली भेट बहुधा ईडिपसच्या दारात होते. पु.लं.चं ‘राजा ओयदिपौस’ वाचलेलं असतं, नाहीतर कॉलेजात शोकांतिकेवर टीप लिहिलेली असते. मग उत्साहाच्या भरात होमर घरी येतो, ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीपाशी गाडी अडते आणि पुस्तक कपाटात जातं.

मी जरा वेगळी वाट सुचवतो. एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांची मिळून जेमतेम ३२-३३ नाटकं आज उरली आहेत. त्यांत एकच प्रसंग असा आहे की ज्यावरची तिघांचीही नाटकं पूर्ण हाती आली: ऑरेस्टिस परदेशातून परत येतो, बहीण इलेक्ट्राला भेटतो आणि बापाच्या खुनाचा सूड म्हणून सख्ख्या आईला मारतो. एस्किलसचं ‘अर्घ्य वाहणाऱ्या स्त्रिया’ (त्याच्या तीन नाटकांच्या मालिकेतलं मधलं), सोफोक्लीसचं ‘इलेक्ट्रा’ आणि युरिपिडीसचंही ‘इलेक्ट्रा’. ही तीन लागोपाठ वाचा. ग्रीक नाटककार कसा विचार करत हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही प्रस्तावनेतून कळत नाही.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॉयवर निघालेलं आरमार ऑलिस बंदरात अडकलं, म्हणून सेनापती अ‍ॅगमेम्नॉनने पोटच्या मुलीचा, इफिजिनियाचा बळी दिला. दहा वर्षांनी तो जिंकून घरी आला, तोही ट्रॉयची राजकन्या कॅसँड्रा हिला रखेल म्हणून सोबत घेऊन. बायको क्लायटेम्नेस्ट्राने प्रियकर एजिस्थसच्या साथीने दोघांना मारलं. लहानगा ऑरेस्टिस दूर फोकिसला वाढला. मोठा झाल्यावर अपोलोने त्याला आज्ञा केली की बापाचा सूड घे.

हे सगळं प्रेक्षकांना पाठ होतं. होमरच्या ‘ओडिसी’तसुद्धा तरुण टेलेमाकसपुढे ऑरेस्टिसचा कित्ता ठेवलेला आहे, आईला कुणी मारलं याला मात्र होमर हळूच बगल देतो. म्हणजे पुढे काय होणार ही उत्सुकता अथेन्सच्या प्रेक्षागृहात नव्हतीच. वसंतात डायोनायसस या देवाच्या उत्सवात तीन कवी स्पर्धेला उतरत, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि वर एक सॅटिर नाटक, म्हणजे थट्टामस्करीचं. लोक बघायचे ते एवढंच की या पठ्ठ्याने जुन्या गोष्टीत कुठे हात घातलाय.

आता बहीण-भावाच्या ओळखीचा प्रसंग घ्या.

एस्किलस, इ.स.पू. ४५८. इलेक्ट्रा बापाच्या थडग्यावर अर्घ्य द्यायला येते. तिथे केसांची एक बट दिसते. अशी बट माझ्याच घरातल्या माणसाची असणार, आणि आईने तर ती वाहिलेली नाही. मग पावलांचे ठसे दिसतात, तेही तिच्या पावलांशी जुळणारे. शेवटी ऑरेस्टिस समोर येतो आणि तिनेच विणलेलं वस्त्र दाखवतो. झाली ओळख.

युरिपिडीस, सुमारे चाळीस वर्षांनी. थडग्यावरून आलेला म्हातारा सेवक म्हणतो, पोरी, तिथे केसांची बट आहे, तुझ्या केसांशी लावून बघ. इलेक्ट्रा त्याला उडवून लावते. तालमीत वाढलेल्या पुरुषाचे केस आणि रोज विंचरलेले बाईचे केस सारखे कसे असतील? बरं, पाऊल लावून बघ. खडकाळ जमिनीवर ठसा उमटेल कसा, आणि उमटलाच तर भावाचं पाऊल मोठं नसेल का? बरं, तू विणलेलं वस्त्र? तो गेला तेव्हा मी लहान होते, आणि विणलं असतं तरी माणसासोबत कपडेही वाढतात का?

ही एस्किलसची सरळसरळ टिंगल आहे, आणि प्रेक्षकांना ती कळावी हीच अपेक्षा. एस्किलसची नाटकं त्याच्या मृत्यूनंतरही रंगमंचावर आणायला अथेन्समध्ये मुभा होती. काही अभ्यासकांनी या ओळी मागाहून कुणी घुसडल्या असं मानलं, इतक्या त्या त्यांना खटकल्या. मला मात्र त्या नाटकाचा गाभा वाटतात. कारण बघा, इलेक्ट्राचा प्रत्येक मुद्दा बिनतोड आहे आणि तरी ती साफ चुकते आहे. बट खरंच ऑरेस्टिसची आहे. तो चार हातांवर उभा आहे आणि ही हुशार बाई तो इथे नसल्याचं सिद्ध करते आहे. पुढे त्याच हुशारीने ती आईला मारायचा बेत आखते.

तिघांपैकी तुमचा कौल कुणाला? मी युरिपिडीसवाला. हाणा.

चिंचपोकळीकर

लेख भारी. पण नावं वाचून फेस आला. घराण्याचा काही नकाशा मिळेल का? एजिस्थसचं या लोकांशी नेमकं काय वैर?

कोरसमधला तिसरा

चुलत भावंडं. टँटलसचा मुलगा पेलॉप्स, पेलॉप्सचे मुलगे एट्रियस आणि थायेस्टिस. थायेस्टिसने भावाच्या बायकोशी सूत जुळवलं, म्हणून एट्रियसने थायेस्टिसचीच मुलं कापून त्याला मेजवानीत वाढली. त्यातून वाचलेला एजिस्थस. अ‍ॅगमेम्नॉन हा एट्रियसचा मुलगा. म्हणजे एजिस्थस आपल्या बाजूने सूडच घेतोय. या घरात ज्याच्या त्याच्या हाती बापाचा नाहीतर भावाचा हिशेब आहेच.

गोदाकाठ

धागा आवडला, कौल अजिबात मान्य नाही. सोफोक्लीसला तुम्ही एका ओळीत संपवलंत! ओळखीचा प्रसंग काढलाच आहे तर त्याने काय केलंय ते सांगते.

त्याच्या नाटकात ऑरेस्टिसचा म्हातारा शिक्षक राजवाड्यात येऊन थाप मारतो की डेल्फीच्या खेळांत रथांच्या शर्यतीत ऑरेस्टिस मेला. ते वर्णन इतकं रसरशीत आहे की खोटं आहे हे माहीत असूनही आपण रथ उलटताना श्वास रोखतो. इलेक्ट्रा कोसळते. तेवढ्यात धाकटी बहीण क्रायसोथेमिस धावत येते: बाबांच्या थडग्यावर ताजी बट आहे, ऑरेस्टिस आलाय! आणि इलेक्ट्रा तिची समजूत घालते की वेडे, तो मेलाय.

म्हणजे खरा पुरावा नाकारणारी इलेक्ट्रा सोफोक्लीसकडेही आहे. फरक असा की युरिपिडीसची इलेक्ट्रा पुरावा हसण्यावारी नेते, इथे ती दुःखामुळे नाकारते. सोफोक्लीस एस्किलसची खिल्ली उडवत नाही. त्याचीच बट उचलतो, फक्त ती भलत्या बहिणीच्या हाती देतो.

आणि मग तो कलश! ऑरेस्टिस अनोळखी माणूस बनून स्वतःच्याच अस्थींचा म्हणून रिकामा कलश बहिणीच्या हातात देतो. ती तो छातीशी धरून बोलते, आणि हा जिवंत भाऊ समोर उभा राहून ऐकतोय. शेवटी त्यालाच ते सोसवत नाही. बापाची मुद्रा असलेली अंगठी दाखवून ओळख पटवतो. हा प्रसंग वाचून युरिपिडीसला कौल द्यायला मन कसं धजावतं?

नाट्यवेडी

कलशावरून आठवलं. रोमन लेखक ऑलस गेलियस (इ.स.चं दुसरं शतक) पोलस नावाच्या जुन्या ग्रीक नटाचा किस्सा सांगतो. पोलसचा मुलगा वारला होता. दुःखातून उठून तो रंगमंचावर परतला ते नेमकं सोफोक्लीसची इलेक्ट्रा करायला. त्या प्रसंगासाठी त्याने थडग्यातून मुलाच्या अस्थींचा कलश आणला आणि तोच हातात घेऊन विलाप केला. गेलियस म्हणतो, प्रेक्षकांना वाटलं नाटक चाललंय, पण ते खरं दुःख होतं.

लक्षात घ्या, इलेक्ट्रा करणारा पुरुष, तोंडावर मुखवटा. चेहरा दिसतच नाही, जे काही आहे ते आवाजात आणि अंगात. सगळ्या भूमिका मिळून तीन नट, शिवाय गाणारा-नाचणारा कोरस. सोफोक्लीसने कोरस बारावरून पंधरावर नेला म्हणतात.

मला नाटक बसवायला दिलं तर मात्र मी एस्किलसच घेईन. एका कारणासाठी: पायलाडीस. ऑरेस्टिसचा हा मित्र सबंध नाटकभर मुका उभा असतो. तीनच नट, तेव्हा प्रेक्षक धरून चालतात की हा बिनबोलता आहे. मग आई मुलासमोर छाती उघडी करून म्हणते, याच स्तनांतून तू दूध प्यायलास. ऑरेस्टिसचा हात थबकतो. तो मित्राकडे वळतो: काय करू, आईला मारायला कचरावं का? आणि हा मुका माणूस बोलतो! फक्त तीन ओळी. अपोलोच्या वचनाचं काय, शपथांचं काय, सगळं जग वैरी झालं तरी चालेल पण देव नको. बस्स. पुन्हा गप्प. साक्षात देवच बोलल्यासारखं वाटलं असणार.

अवांतर: इरीन पापासचा १९६२चा ‘इलेक्ट्रा’ सिनेमा (दिग्दर्शक मायकेल काकोयानिस) जरूर बघा. तो युरिपिडीसवर बेतलेला आहे.

शंकेखोर

मातृहत्या म्हटली की आपल्याला परशुराम आठवणारच. वनपर्वात कथा आहेच. जमदग्नीची आज्ञा, मुलगा आईचं मस्तक उडवतो. तिकडे अपोलोची आज्ञा, इकडे बापाची. मग ग्रीकांचं वेगळेपण ते काय?

कोरसमधला तिसरा

@शंकेखोर, चांगला प्रश्न, पण त्या कथेचा शेवट बघा. परशुराम वर मागतो की आई जिवंत व्हावी, तिला हे काही आठवू नये आणि मला पाप लागू नये. मिळतंही. गोष्ट पूर्ववत होते. माहूरला आपण रेणुकेपुढे हात जोडतो ते त्यामुळेच शक्य आहे. ऑरेस्टिसला असा वर कुणी देत नाही. आई मेली ती मेली, आणि तिच्या रक्तातून सूडदेवता उठतात, एरिनी.

एस्किलसचं पुढचं नाटक, ‘युमेनिडीस’, हेच आहे. या सूडदेवता त्याचा माग काढत अथेन्सपर्यंत येतात आणि तिथे खटला उभा राहतो. अथेना अरिओपॅगस टेकडीवर न्यायसभा भरवते. अपोलो वकिली करताना असा अजब मुद्दा मांडतो की आई खरी जन्मदाती नसतेच, ती फक्त बापाचं बीज सांभाळते. पुरावा म्हणून अथेनाकडेच बोट, ती झ्यूसच्या डोक्यातून जन्मलेली. मतं समसमान पडतात आणि तो सुटतो. अथेनाचं मत त्याच्या बाजूला.

इथे ताजं राजकारणही होतं. तीन-चार वर्षांआधीच, इ.स.पू. ४६२-६१ मध्ये, एफियाल्टिसने याच अरिओपॅगस सभेचे बरेचसे अधिकार काढून खुनाचे खटले तेवढे ठेवले होते. एस्किलस त्या उरलेल्या अधिकाराची जन्मकथा सांगतोय.

गोदाकाठ

आणि सोफोक्लीसकडे सूडदेवता येतच नाहीत, हे विसरू नका. आतून आईची किंकाळी येते, बाहेर इलेक्ट्रा ओरडते: जमलं तर अजून एक घाव घाल! मग एजिस्थस येतो, झाकलेलं प्रेत ऑरेस्टिसचं समजून खुशीत चादर उचलतो, खाली क्लायटेम्नेस्ट्रा. त्याला आत हाकलतात आणि नाटक संपतं. खटला नाही, पश्चात्ताप नाही. एस्किलसने आधी एजिस्थस आणि मग आई असा क्रम ठेवला होता, त्यामुळे शेवटचा भार आईवर पडतो. सोफोक्लीसने तो उलटवला. आता यात त्याला सूड मान्य आहे की हे मोकळं सोडलेलं भयंकर प्रश्नचिन्ह आहे, यावर लोक अजून भांडतात. मी दुसऱ्या गटात.

मुक्काम लेस्टर

उशिरा आलो, क्षमस्व. ही नाटकं आपल्यापर्यंत आली कशी, तीही गंमत आहे.

एस्किलसच्या ‘अर्घ्य वाहणाऱ्या स्त्रिया’चं मुख्य हस्तलिखित दहाव्या शतकातलं, फ्लॉरेन्सला आहे. त्यात नाटकाची सुरुवातच गहाळ. मग पहिल्या काही ओळी कुठून मिळाल्या? अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ या विनोदी नाटकातून! इ.स.पू. ४०५चं हे नाटक. युरिपिडीस नुकताच मेलाय, पाताळात त्याचं आणि एस्किलसचं श्रेष्ठ कवी कोण यावर भांडण लागलंय, डायोनायसस पंच. युरिपिडीस नेमकी याच नाटकाची सुरुवात म्हणायला लावतो आणि ओळ न् ओळ चुका काढतो. त्या टिंगलीमुळे ओळी वाचल्या. पुढे तराजू आणून दोघांच्या ओळींचं वजनही करतात, आणि डायोनायसस एस्किलसला वर घेऊन जातो.

युरिपिडीसचं ‘इलेक्ट्रा’ तर निव्वळ नशिबाने उरलं. एस्किलस आणि सोफोक्लीसची सात-सात नाटकं ही पुढच्या पिढ्यांनी शिकवण्यासाठी निवडलेली. युरिपिडीसचीही अशी निवडक आहेत, पण त्याच्या समग्र नाटकांच्या वर्णानुक्रमे लावलेल्या संचाचा एक तुकडा वेगळा वाचला. ग्रीक वर्णमालेतल्या मधल्या काही अक्षरांनी सुरू होणारी नाटकं त्यात सापडली: हेलन, इलेक्ट्रा, हेराक्लीस, आयन, दोन इफिजिनिया, सायक्लॉप्स. म्हणून त्याची फक्त ‘उत्तम’ ठरवलेली नाटकं आपल्याकडे आलेली नाहीत, सगळ्या प्रकारची आली.

अजून एक. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टापुढे हरलं तेव्हा शहर जमीनदोस्त करा असा प्रस्ताव आला. प्लुटार्क सांगतो की सेनानींच्या मेजवानीत फोकिसच्या एका माणसाने युरिपिडीसच्या ‘इलेक्ट्रा’तलं कोरसचं पहिलं गाणं म्हटलं आणि सगळ्यांना वाटलं, असे कवी देणारं शहर मोडायचं कसं? प्लुटार्क पाचशे वर्षांनंतरचा, तेव्हा चिमूटभर मीठ घालून घ्या. पण त्या गाण्यात खेड्यातल्या पडक्या घरी राहणारी राजकन्या आहे, ती तिथे का शोभली ते कळतं.

शंकेखोर

परशुरामाबद्दल पटलं. आता दुसरी शंका. केसाची बट पाहून भाऊ आला असं ठरवणं हे मुळात बाळबोध नाही का? युरिपिडीसने खिल्ली उडवली ती बरोबरच केली.

कोरसमधला तिसरा

इथे अ‍ॅरिस्टॉटल कामाला येतो. विंदा करंदीकरांनी त्याच्या काव्यशास्त्राचा मराठी अनुवाद केलाय, तो मिळवा आणि ओळखीच्या प्रकारांचं प्रकरण काढा. त्याच्या मते खुणांवरून, व्रणांवरून पटलेली ओळख सगळ्यांत कमी कलात्मक. सर्वोत्तम ती, जी घटनांतून आपसूक निघते. आणि तिच्या खालोखाल अनुमानाने पटलेली. या अनुमानाचं उदाहरण म्हणून तो एस्किलसचाच प्रसंग देतो: माझ्यासारखं कुणीतरी आलंय, माझ्यासारखा ऑरेस्टिसच, म्हणजे ऑरेस्टिस आलाय.

आता युरिपिडीसकडे बघा. एवढी टिंगल करून शेवटी ओळख कशाने पटते? भुवईजवळच्या व्रणाने. लहानपणी बहिणीसोबत हरणाच्या पाडसामागे धावताना पडला होता. ‘ओडिसी’त ओडिसियसची दाई त्याला पायावरच्या व्रणाने ओळखते, तो रानडुकराच्या शिकारीत मिळालेला. वीराच्या व्रणाचा हा घरगुती अवतार. अ‍ॅरिस्टॉटलच्या मापाने गुण एस्किलसलाच जास्त. मला वाटतं युरिपिडीसला ते ठाऊक होतं आणि त्याला ओळख अशीच किरकोळ हवी होती.

चिंचपोकळीकर

धाग्याच्या शीर्षकात फक्त ग्रीक का? रोमन मंडळींना वगळलं?

मुक्काम लेस्टर

रोमनांचं नाटकच मुळी ग्रीक नाटकावरून आलं. इ.स.पू. २४० मध्ये लिव्हियस अँड्रॉनिकसने ग्रीकवरून बेतलेलं पहिलं लॅटिन नाटक केलं, आणि एजिस्थसवरही त्याचं एक नाटक होतं, त्याचे तुकडेच उरलेत. व्हर्जिलच्या ‘इनीड’च्या चौथ्या सर्गात डायडोला भयानक स्वप्नं पडतात, तेव्हा कवी उपमा देतो ती आईपासून पळणाऱ्या, रंगमंचावरच्या ऑरेस्टिसची. म्हणजे रोमन वाचकाच्या डोळ्यांपुढे ती गोष्ट नाटक म्हणूनच होती.

पण खरा थरार नीरोचा आहे. इ.स. ५९ मध्ये त्याने आई अ‍ॅग्रिपिनाला ठार करवलं. सुएटोनियस लिहितो की त्याला आईच्या भुताने आणि सूडदेवतांनी पछाडल्यासारखं वाटे. रोममध्ये नीरो, ऑरेस्टिस आणि अल्कमेऑन या मातृघातक्यांना एका ओळीत बसवणारी टोमणेवजा कवनं फिरू लागली. आणि हा गडी रंगमंचावर गायचा त्या भूमिकांत एक होती ‘मातृघातकी ऑरेस्टिस’! त्याचा शिक्षक सेनेका. त्याचं ‘अ‍ॅगमेम्नॉन’ थायेस्टिसच्या भुताने सुरू होतं, आणि मरायला निघालेली कॅसँड्रा शेवटी खुन्यांना बजावते की तुमच्यावरही वेड येणार आहे.

नाट्यवेडी

+१. नीरोचं वाचून अंगावर काटा आला.

@कोरसमधला तिसरा, तुम्ही युरिपिडीसवाले आहात तर क्लायटेम्नेस्ट्राचा शेवटचा प्रवेश का नाही सांगितलात? तुमच्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा तोच आहे.

कोरसमधला तिसरा

राखून ठेवला होता :)

एजिस्थसला ऑरेस्टिस मारतो तो पाहुणा म्हणून यज्ञाला बसून, तो वाकून बळीची आतडी तपासत असताना मागून. इथेच वीरकथेचा रंग उडतो. आईसाठी सापळा इलेक्ट्रा लावते. तिचं लग्न एका गरीब शेतकऱ्याशी लावून दिलेलं आहे (नाटकातला एकमेव सरळ माणूस, त्याने तिला हातही लावलेला नाही). ती निरोप धाडते की मला मुलगा झालाय, दहावा दिवस आहे, विधी कसे करायचे ते मला येत नाहीत.

आणि आई येते. ट्रॉयच्या दासी घेऊन, रथातून, थाटात. दोघींची चांगलीच जुंपते. इफिजिनियाचा बळी गेला तो मी गिळलाही असता, क्लायटेम्नेस्ट्रा म्हणते, पण त्याने दुसरी बाई घरात आणली. मग मध्येच तिचा आवाज उतरतो. झाल्या गोष्टीने मी काही फार सुखात नाही, असं ती स्वतःहून म्हणते. एस्किलसची क्लायटेम्नेस्ट्रा हे म्हणाली नसती. तरीही इलेक्ट्रा तिला झोपडीत बोलावते, वर सांगते की काजळी आहे, कपड्यांना लागू देऊ नकोस. सबंध नाटकात या बाईने केलेलं मायेचं असं हे एकच काम, मुलीच्या बाळासाठी येणं. त्यातच ती मरते. बाळ नसतंच.

ऑरेस्टिस अंगरख्याने डोळे झाकून वार करतो आणि इलेक्ट्राचा हातही तलवारीवर असतो. बाहेर आल्यावर दोघं मोडून पडतात. मग देव कॅस्टर वरून येऊन सांगतो की हिला मिळाली ती शिक्षा न्याय्य, पण तुम्ही केलंत ते न्याय्य नव्हतं. अपोलो शहाणा आहे, पण तुम्हाला दिलेली आज्ञा शहाणपणाची नव्हती. एस्किलसला हा प्रश्न सोडवायला देवी, टेकडी आणि न्यायसभा लागली होती. इथे दोन वाक्यांत देवच हात वर करतो.

गोदाकाठ

हा प्रवेश ताकदीचा आहे, मान्य. पण आईला पश्चात्ताप झाला म्हणून नाटक श्रेष्ठ, हे मला पटत नाही. सोफोक्लीसची इलेक्ट्रा आपल्याला तिच्या बाजूने उभं करते आणि मग तो ‘अजून एक घाव’ ऐकवते. युरिपिडीस पहिल्यापासून सांगतो की बघा, किती खुजी माणसं आहेत. सोफोक्लीस आपल्याला गुन्ह्यात सामील करून घेतो.

चिंचपोकळीकर

तुमचं चालू द्या. मला फक्त क्रम सांगा. एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस असंच ना? आणि मध्येच एस्किलसचं मधलं नाटक उचललं तर काही कळेल का?

कोरसमधला तिसरा

एस्किलसचं पहिलं, म्हणजे ‘अ‍ॅगमेम्नॉन’, आधी वाचाच. अवघड आहे, कोरसची गाणी लांब आहेत, पण अंथरलेल्या जांभळ्या वस्त्रांवरून राजा घरात जातो तो प्रसंग आला की मेहनत वसूल. मग मधलं, मग ‘युमेनिडीस’. सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांत आधी कोणाचं नाटक आलं हे अभ्यासकांनाच ठरवता आलेलं नाही, तेव्हा कुठलंही आधी घ्या. इंग्रजी चालत असेल तर पर्सियस नावाच्या संकेतस्थळावर मूळ ग्रीक आणि जुने अनुवाद फुकट आहेत. आवडलं तर पुढे युरिपिडीसचं ‘ऑरेस्टिस’ (इ.स.पू. ४०८) घ्या, आईला मारून सहा दिवस झालेत, भाऊ वेडाच्या झटक्यात अंथरुणावर आणि इलेक्ट्रा उशाशी.

गोदाकाठ

सोफोक्लीस आधी. ते ठरवता आलेलं नसलं तरी मी ठरवलंय.